कॉलेजांच्या तांत्रिक सेवांच्या नोंदी : एकानं लिहिल्या तर बाकीच्यांना का वापरता येऊ नयेत?

सह्यकडा

कुठल्याही चार कॉलेजांची संकेतस्थळं उघडा आणि 'एबीसी आयडी' म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांक-खात्याचा क्रमांक कसा काढायचा हे शोधा. चारही ठिकाणी वेगवेगळी पीडीएफ मिळेल. डिजिलॉकरवर खातं उघडा, आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, संस्थेचं नाव निवडा, बारा आकडी क्रमांक येईल तो कार्यालयात कळवा. मजकूर जवळपास तोच. युजीसीचे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम २०२१ साली आले, पुढे प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक मागायला सुरुवात झाली आणि कॉलेजाकॉलेजांत कुणी ना कुणी लॅबमध्ये बसून एकेक स्क्रीनशॉट काढत तेच काम केलं. मग 'अपार' हा देशभरासाठीचा विद्यार्थी क्रमांक आला, डिजिलॉकरचे पडदे बदलले आणि त्यातल्या कितीतरी पीडीएफ अजून जशाच्या तशा पडून आहेत. मुलं त्या उघडतात, त्यात दाखवलेलं बटण मोबाइलवर सापडत नाही आणि आपल्या खिडकीशी रांग लागते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सिस्टीम सांभाळतो. मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सॉफ्टवेअर), कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर), वायफाय, एन-लिस्टची (ई-पुस्तकं-नियतकालिकांची) लॉगिनं, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या दिवसांतली मदत, हे सगळं आमच्या गळ्यात. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात यादी हीच आहे. सॉफ्टवेअर तेच, अडचणी त्याच, आणि तिथला माणूसही माझ्यासारखाच एकटा. तरी त्यानं लिहिलेलं मला दिसत नाही, मी लिहिलेलं त्याला दिसत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की या सेवांच्या नोंदी आपण एका जागी, सगळ्यांना उघड्या अशा लिहूया. विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीच्या सूचना हव्यातच. पण मला जास्त तळमळ आहे ती पडद्यामागच्या नोंदींची. बॅकअप कसा घ्यायचा, तो परत कसा चढवायचा, वायफायचं सर्टिफिकेट (नेटवर्क खरं असल्याचा दाखला) संपायच्या आधी काय करायचं, सर्व्हर बंद पडला तर पहिल्या तासात काय तपासायचं. हे ज्ञान बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या डोक्यात असतं. एजन्सीचा करार संपला, माणूस बदलला, की नव्यानं पहिल्यापासून सुरुवात.

आता मुख्य अडचण. दुसऱ्या कॉलेजची नोंद मिळाली तरी ती वापरता येत नाही. एका मित्रानं त्यांची बॅकअपची नोंद पाठवली होती. त्यातलं एक वाक्य इथं देतो: 'रोज सायंकाळी बॅकअप घेऊन तो पाटील सरांच्या पीसीवरील ई ड्राइव्हमध्ये टाकावा व ऑफिसला कळवावे.' वाक्य त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे. माझ्याकडे पाटील सर नाहीत, ई ड्राइव्ह नाही, आणि बॅकअप म्हणजे नेमकं कशाकशाचा, तो आज्ञा कोणती देऊन घ्यायचा, हे त्यात कुठंच नाही. सगळ्यांना लागू होणारा भाग आणि फक्त आपल्या कॉलेजपुरता भाग एकमेकांत विणला गेलाय. हे दोन भाग लिहितानाच वेगळे ठेवले तर नोंद कुणालाही चालेल, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय म्हणणं?

अनघा_ग्रंथपाल

सह्यकडा सर, तुम्ही जे मागताय ते ग्रंथालयात कित्येक वर्षं चालू आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

पुस्तकाची नोंद प्रत्येक ग्रंथालयानं पहिल्यापासून करायची गरज नसते. एकानं 'मार्क' या ठरावीक सूची-साच्यात नीट केलेली नोंद दुसरा झेड ३९.५० (ग्रंथालयांमधल्या देवघेवीची तांत्रिक पद्धत) वरून खेचून घेतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी १९६७ साली एकत्र येऊन याच कामासाठी ओसीएलसी उभी केली. तेव्हा तिचं नावच 'ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर' होतं. एका कॉलेजनं पुस्तकाची सूची केली की ती बाकीच्यांनी घ्यायची, एवढाच उद्देश. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'इंडकॅट' ही विद्यापीठ ग्रंथालयांची एकत्र सूची आहे.

आणि तुम्ही म्हणता ती विभागणी आमच्या नोंदीत आधीपासून आहे. कोहामध्ये पुस्तकाची नोंद उघडा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, विषय हे सगळं कुठल्याही ग्रंथालयात सारखंच. आमचा दाखल क्रमांक, कपाट, किंमत, शाखा हे मात्र ९५२ या क्षेत्रात जातं. दुसऱ्याची नोंद घेताना वरचं सगळं घ्यायचं आणि ९५२ आपलं भरायचं. तुमच्या मित्राच्या नोंदीतले पाटील सर आणि ई ड्राइव्ह ९५२ मध्ये जायला हवे होते, ते शीर्षकात शिरले.

माझ्याकडून एक नोंद लगेच देते, कारण ही अडचण मराठी पुस्तकं असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाला येऊ शकते. कोहा नव्यानं बसवल्यावर झेब्राची (कोहाच्या आतल्या शोधयंत्राची) अनुक्रमणी सहसा रोमन लिपी धरून चालते. मग देवनागरीत शोधलं की पुस्तक असूनही सापडत नाही, किंवा मात्रा-वेलांटीमुळे भलतंच काही समोर येतं. त्यासाठी झेब्राच्या डिफॉल्ट डॉट आयडीएक्स या फाइलमधली 'चारमॅप'ची ओळ बंद करून 'आयसीयूचेन'ची (वेगवेगळ्या लिप्या ओळखणारी) ओळ चालू करायची आणि 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा' पूर्ण अनुक्रमणीसाठी चालवायचं. काम छोटं आहे. पण ज्याला हे ठाऊक नाही तो कोहालाच दोष देतो आणि मराठी पुस्तकांची नावं रोमनमध्ये टंकायला लावतो. अशी ग्रंथालयं मी पाहिली आहेत. तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना आपलं पुस्तक आपल्या लिपीत शोधता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

प्रयोगशाळा

कल्पना चांगली आहे, पण आमचे प्राचार्य एका वाक्यात नाही म्हणतील. 'सर्व्हरची माहिती बाहेर द्यायची नाही.' आणि त्यांची भीती अनाठायी नाही. कितीतरी कॉलेजांच्या वर्ड फाइलमध्ये आयपी पत्ता, अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड एकाच पानावर असतात. असं पान व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरायला लागलं तर काय होईल ते सांगायला नको.

सह्यकडा

@प्रयोगशाळा, म्हणूनच दोन भाग. सामाईक भागात एकही आयपी पत्ता नको, एकाही माणसाचं नाव नको, पासवर्ड तर स्थानिक पानावरसुद्धा नको. तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि स्थानिक पानावर फक्त 'कुणाकडे मागायचा' एवढंच. सामाईक भागात राहील ते कोहा किंवा मूडलच्या अधिकृत माहितीत आधीच जगासमोर आहे. प्राचार्यांना तो भाग छापून दाखवा. त्यात गुप्त असं काहीच उरत नाही.

उलट सुरक्षेसाठीच ही नोंद तातडीनं हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस जपायचे, सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. रात्री संकेतस्थळ कुणी विद्रूप केलं तर ते सकाळी दहाला कळतं आणि मग दुपारपर्यंत 'कळवायचं कुणी, सही कुणाची' यातच सहा तास जातात. कोणत्या प्रकारची घटना, काय काय जपून ठेवायचं, सर्व्हर बंद करण्याआधी कशाची प्रत घ्यायची, हे पान एकदा चांगलं लिहिलं तर शंभर कॉलेजांना चालेल. प्रत्येकानं भरायचं ते फक्त सही करणाऱ्याचं पद आणि फोन.

मॅडिसनकर

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या अमेरिकेत एका विद्यापीठाच्या हेल्पडेस्कवर आहे. तुम्ही मागताय तशी एक व्यवस्था रोज वापरतो, म्हणून तिची रचना सांगतो.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाची 'नॉलेजबेस' आहे. त्या राज्यातल्या इतर विद्यापीठांची पानंही तीवर आहेत आणि शेजारच्या इलिनॉय विद्यापीठाचं उत्तरांचं संकेतस्थळसुद्धा त्याच यंत्रणेवर चालतं. कुठलंही पान उघडा, तळाशी बारीक अक्षरात ठरावीक माहिती दिसते: पानाचा क्रमांक, कुठल्या गटाच्या मालकीचं, कधी तयार झालं, कधी बदललं, आणि कोणकोणत्या संकेतस्थळांवर ते दिसतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एका विद्यापीठानं लिहिलेलं पान दुसऱ्यानं आपल्या संकेतस्थळावर घेतलं तरी त्याची नक्कल होत नाही. मूळ पान एकच राहतं, ते बदलायचा अधिकार मालक गटाला असतो, आणि बदल झाला की सगळीकडे झाला. चूक दिसली तर खालच्या दुव्यावरून मालकाला कळवायचं.

शिवाय प्रत्येक पानाला मुदत असते. ती संपत आली की मालकाला आठवण जाते. वाचून, दुरुस्त करून मुदत वाढवा, नाहीतर पान काढा. तुमच्या एबीसी आयडीच्या पीडीएफचं दुखणं इथंच आहे. पीडीएफला मालक नाही आणि मुदतही नाही. ती ज्यानं केली त्याची बदली झाली तरी ती संकेतस्थळावर राहते.

अजून एक गोष्ट सांगण्यासारखी. इथली विद्यापीठं नवीन सॉफ्टवेअर घेताना कंपनीला सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवायची, प्रत्येकाची वेगळी. २०१६ साली एज्युकॉज, इंटरनेट२ आणि रेन-आयसॅक या विद्यापीठांच्या तंत्रज्ञान-सुरक्षेतल्या संस्थांनी मिळून 'हेकव्हॅट' नावाची एकच प्रश्नावली केली. कंपनीनं ती एकदा भरायची आणि तीच उत्तरं विद्यापीठामागून विद्यापीठाला द्यायची. आपल्याकडे ईआरपी (कॉलेजचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकणारे प्रतिनिधी कॉलेजाकॉलेजांत फिरतात. विद्यार्थ्यांचा डेटा कुठं ठेवता, करार संपल्यावर तो कुठल्या स्वरूपात परत देता, बॅकअप परत चढवून कधी पाहिला होता, असे वीस-पंचवीस प्रश्न सगळ्यांनी मिळून मराठीत ठरवले तर छोट्या कॉलेजला मोठाच आधार होईल.

वऱ्हाडी_मन

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

पहिली, वेळ. मी कंत्राटावर आहे. सकाळी प्रवेशाचं काम, दुपारी प्रॅक्टिकलची लॅब, मधेच कुणाचा प्रिंटर, कुणाचा प्रोजेक्टर. नोंद लिहायची ती घरी जाऊन. ते करायचीही तयारी आहे, पण माझं नाव त्या पानावर राहील का? नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीचा अहवाल लिहिताना आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक माझ्याचकडून माहिती घेतात आणि अहवालात माझं नाव कुठंही येत नाही. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मला सांगता आलं पाहिजे की ही नोंद मी लिहिली आणि इतक्या कॉलेजांनी ती वापरली.

दुसरी, भाषा. मूडलची, कोहाची, उबुंटू लिनक्सची अधिकृत माहिती इंग्रजीत भरपूर आहे. ज्याला ती झेपते त्याला आपल्या नोंदीची गरज कमी. आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक बारावी-आयटीआय झालेला आहे, हुशार आहे, हात चांगला चालतो, पण चार पानं इंग्रजी वाचायची म्हटलं की थांबतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलनं याच मुलांसाठी मोठं काम केलंय. दहा-दहा मिनिटांचे धडे, एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं. मराठीतही आवाज दिलाय. लिनक्स मी त्यावरच शिकलो. आपल्या नोंदी मराठीत असल्याच पाहिजेत. आज्ञा जशाच्या तशा, पण 'हे का करायचं' ते मराठीत.

प्रयोगशाळा

भाषेचं पटलं. पण नावाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, दुसरा काही करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. तुम्ही एजन्सीचे कर्मचारी असाल तर मामला आणखी गुंतागुंतीचा. म्हणून सुरुवातीलाच प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र हवं: अमुक सेवांच्या सामाईक नोंदी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय-एसए' परवान्याखाली, लिहिणाऱ्याच्या नावासह, प्रसिद्ध करायला संस्थेची हरकत नाही. 'बाय' म्हणजे नाव द्यायचंच, 'एसए' म्हणजे त्यात भर घालून कुणी पुढे दिलं तर त्यानंही त्याच अटीवर द्यायचं. या पत्राचा मसुदा मी करतो. हीच आपली पहिली सामाईक नोंद धरा.

सह्यकडा

वा! मसुदा नक्की टाका. वऱ्हाडी_मन, नाव राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. मालक म्हणून गटाचं किंवा पदाचं नाव, आणि 'लिहिलं कुणी, तपासलं कुणी' म्हणून माणसांची नावं, अशा दोन ओळी ठेवू.

तेरेखोल

गोव्यातून. वायफायबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण शिळ्या नोंदीमुळे किती नुकसान होतं ते तिथं उघड दिसतं.

एज्युरोम ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक असेल. एका संस्थेचं लॉगिन घेऊन दुसऱ्या संस्थेत गेलं तरी वायफाय आपोआप जोडलं जातं. भारतात ते अर्नेट इंडिया ही शिक्षण-संशोधन नेटवर्कची संस्था पाहते. आता यात अँड्रॉइड फोन जोडायच्या सूचना कॉलेजांनी कशा लिहिल्या होत्या? 'सीए सर्टिफिकेटच्या ठिकाणी "पडताळू नका" हा पर्याय निवडा.' सोपं होतं, फोन लगेच जोडला जायचा. पण त्याचा अर्थ असा की कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय लावलं तर मुलाचा फोन निमूटपणे आपला पासवर्ड त्याच्या स्वाधीन करू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये गूगलनं अँड्रॉइड ११ च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनांवरून तो पर्यायच काढला आणि पुढे इतर फोनांवरूनही तो जात राहिला. सूचना तशीच, पर्याय गायब, मुलं हैराण. आणि ज्या जुन्या फोनांवर तो पर्याय शिल्लक होता तिथं ही सूचना धोका पसरवत राहिली.

याला उत्तरही आधीच तयार होतं. जेआंट या युरोपातल्या शिक्षण-संशोधन नेटवर्कांच्या संस्थेकडे 'कॅट' नावाचं साधन आहे. फोन, लॅपटॉप, प्रत्येक प्रकारच्या यंत्रणेसाठी काय करायचं हा सगळा भाग त्यांनी लिहिलेला. संस्थेनं भरायचं ते आपलं सर्टिफिकेट, सर्व्हरचं नाव, मदतीचा पत्ता आणि चिन्ह. की आपल्या नावानं इन्स्टॉलर तयार. अनघाताईंच्या ९५२ सारखंच. ज्यांच्याकडे एज्युरोम आहे त्यांनी स्क्रीनशॉटची पीडीएफ करूच नये, कॅटचा दुवा द्यावा. ज्या नोंदी दुसऱ्यानं चांगल्या ठेवल्यात त्या परत लिहायच्या नाहीत, हा नियम आपल्या यादीत घ्या.

रानवारा

प्रश्न विचारू का? आता एआयला विचारलं की तो मूडलचा बॅकअप, कोहाची अनुक्रमणी सगळं सांगतो. मराठीतही सांगतो. मग हा खटाटोप कशाला?

अनघा_ग्रंथपाल

रानवारा, मीही विचारते त्याला, मदत होते. पण तुमच्याकडे कोहाची कुठली आवृत्ती, ती पॅकेजनं बसवलीय की कुणी हातानं, मागच्या वर्षी सर्व्हर बदलताना काय केलं, हे त्याला कसं कळणार? कोहा पॅकेजनं बसवला असेल तर रोजचा बॅकअप आपोआप होतो, पण तो त्याच सर्व्हरवर 'व्हार-स्पूल-कोहा'त पडतो आणि बदल न करता ठेवलं तर दोनच दिवसांचा राहतो. डिस्क गेली की बॅकअपही गेला. तो दुसरीकडे रोज जातोय की नाही, आणि दुसरीकडे म्हणजे आमच्या कॉलेजात नेमकं कुठं, हे आमच्या पानावरच असणार. आणि सामाईक भाग माणसानं स्वतः करून पाहिलेला असेल, 'अमुक आवृत्तीवर तपासलं' असं लिहिलेलं असेल, तर मी त्यावर भरवसा ठेवून रात्री नऊ वाजता सर्व्हरवर आज्ञा देईन. नुसत्या उत्तरावर नाही देणार.

सह्यकडा

बोलणं पुष्कळ झालं, आता एक नोंद प्रत्यक्ष मांडतो. मूडलचा बॅकअप. चुका काढा.

*नोंद : मूडलचा पूर्ण बॅकअप (सामाईक भाग)*
*तपासलेली आवृत्ती : मूडल ४.१, उबुंटूवर. मालक : ( ). लिहिलं : ( ). तपासलं : ( ). पुन्हा तपासायची तारीख : ( )*

*मूडल तीन ठिकाणी असतं. डेटाबेस, 'मूडलडेटा' फोल्डर, आणि कोड. कोडमध्ये कॉन्फिग डॉट पीएचपी (सेटिंगची फाइल) आणि बाहेरून घातलेले प्लगिन महत्त्वाचे. तिन्ही एकाच रात्रीचे हवेत.*

*आधी डेटाबेस, मग मूडलडेटा, हा क्रम ठेवा. कारण असं: मूडल फाइली त्यांच्या नावानं ठेवत नाही. मूडलडेटातलं 'फाइलडिर' उघडलंत तर आकडे-अक्षरांची लांब नावं दिसतील. फाइलच्या मजकुरावरून काढलेली ती खूण असते, म्हणून तीच पीडीएफ दहा शिक्षकांनी चढवली तरी ती एकदाच साठते. कुठली फाइल कुठल्या कोर्सची, तिचं खरं नाव काय, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. त्यामुळे डेटाबेस नसेल तर नुसतं फोल्डर असून उपयोग नाही. आणि डेटाबेस आधी घेतला तर त्यात ज्यांची नोंद आहे त्या फाइली नंतर घेतलेल्या फोल्डरमध्ये सापडतात.*

*मूडलडेटातले कॅश, लोकलकॅश, टेम्प आणि सेशन्स हे घेतले नाहीत तरी चालतं. त्यानं बॅकअप बराच हलका होतो.*

*कोर्सच्या पानावरून मिळणारी एमबीझेड फाइल हा त्या एका कोर्सचा बॅकअप असतो. तो घेऊन संपूर्ण मूडल परत उभं राहत नाही.*

*स्थानिक पान : सर्व्हरचं नाव, डेटाबेसचं नाव, मूडलडेटाची जागा, बॅकअप कुठं जातो, किती दिवस ठेवतो, पासवर्ड कुणाकडे, अडलं तर फोन कुणाला.*

ही नोंद बरोबर आहे की नाही याची एकच कसोटी मला मान्य आहे. ज्यानं आमचा सर्व्हर कधी पाहिलेला नाही, त्यानं फक्त हे पान आणि बॅकअप घेऊन, मला फोन न करता, दुसऱ्या मशीनवर मूडल उभं करून दाखवावं. कुणी तयार आहे का? चाचणीचं मूडल देतो, त्यात खऱ्या मुलांचा डेटा नाही.

मॅडिसनकर

पानाची मालकी कॉलेजला न देता सेवेप्रमाणे गटाला द्या, एवढी विनंती. 'मूडल गट', 'कोहा गट'. प्रत्येकात निदान दोन वेगवेगळ्या कॉलेजांची माणसं हवीत. मग एकाची नोकरी गेली तरी पान बेवारस होत नाही. आणि स्क्रीनशॉट जितके कमी तितकं बरं. 'डावीकडच्या वरच्या निळ्या बटणावर' असं लिहिलेलं पहिलं शिळं होतं. बटणावरचा शब्द लिहा.

प्रयोगशाळा

पत्राचा मसुदा तयार आहे, उद्या टाकतो. त्यात भर म्हणून एएमसी (वार्षिक देखभाल करार) किंवा नव्या निविदेत घालायचं एक कलम लिहिलंय: कंत्राटदारानं काम संपवताना बसवणी, बॅकअप आणि परत चढवण्याची लेखी नोंद द्यायची, आणि ती वाचून संस्थेच्या माणसानं एकदा करून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आमच्याकडे एका पुरवठादारानं 'ती आमची गुप्त माहिती आहे' म्हणत काहीच दिलं नव्हतं. पुढच्या माणसाला सर्व्हर पुसून पहिल्यापासून बसवावा लागला आणि मुलांची दोन सत्रांची असाइनमेंट गेली.

वऱ्हाडी_मन

सह्यकडा, तुमची चाचणी मी घेतली. शनिवारी लॅब रिकामी असते. फोन केला नाही, फक्त पान वापरलं.

डेटाबेस चढला, फोल्डर जागेवर ठेवलं, कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये जागा बदलल्या. संकेतस्थळ उघडलंच नाही. तुमच्या पानावर 'उबुंटूवर' एवढंच आहे. माझ्याकडे उबुंटू २४.०४ होतं, त्यासोबत पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) ८.३ येतं. मूडल ४.१ ला ७.४ ते ८.१ पर्यंतचं पीएचपी चालतं. तेच सगळं २२.०४ वर परत केलं, तिथं ८.१ आहे, आणि उघडलं. कोर्स दिसले, पीडीएफ उघडल्या.

मग ईमेल जाईनात, मंचावरच्या सूचनाही नाहीत. क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावायचं पानावर नव्हतं. ते दर मिनिटाला चालायला हवं. ते लावलं आणि सुरू झालं. एक धोकाही सांगतो. चाचणीसाठी जुना बॅकअप चढवून क्रॉन चालू केलं तर खऱ्या माणसांना जुने ईमेल जाऊ शकतात. तुमच्याकडे खोटी खाती होती म्हणून निभावलं. आधी कॉन्फिगमध्ये ईमेल बंद करायची ओळ घाला, मग क्रॉन, असा क्रम पानावर हवा.

सह्यकडा

तिन्ही गोष्टी जोडल्या. वरच्या ओळीत आता 'मूडल ४.१, उबुंटू २२.०४, पीएचपी ८.१' आहे. मूडल ४.५ ला किमान ८.१ लागतं, तेही खाली लिहिलं, म्हणजे आवृत्ती वाढवताना मधला टप्पा कुणाला शोधत बसावा लागणार नाही. 'परत चढवणे' हा वेगळा भाग केला, त्यात ईमेल बंद करणं क्रॉनच्या आधी. तपासणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. पूर्ण नाव कसं हवं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. मूडल गटात तुम्ही आणि मी धरून दोन कॉलेजं झाली.

अनघाताई, कोहाच्या देवनागरी शोधाची नोंद याच साच्यात मांडाल का? तपासायला कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या ग्रंथालयातलं कुणीतरी हवं, ज्यांच्याकडे मराठी पुस्तकं भरपूर आहेत.

अनघा_ग्रंथपाल

मांडते. रविवारपर्यंत टाकेन. नांदेडच्या एका मैत्रिणीला विचारलंय, ती तपासायला तयार आहे. तिच्याकडे मराठीबरोबर उर्दू पुस्तकंही आहेत, त्यामुळे आयसीयूचेन लावल्यावर उर्दूचा शोध कसा चालतो तेही तिच्याकडूनच पाहून घेऊ.